मैदान घडते ते सामना नसलेल्या दिवशी

(नागपूर येथील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



व्याख्यानमालेच्या विषयपत्रिकेत इतिहास असतो, अध्यात्म असते, अर्थकारण असते. त्या पंक्तीत यंदा क्रिकेटचे मैदान येऊन बसले, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु खेळाडूंच्या धावांचा हिशेब मांडण्यासाठी मी आज उभा नाही. आपल्या नागपुरातील एका सार्वजनिक संस्थेचा, म्हणजे विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानाचा इतिहास मला आपल्यापुढे ठेवायचा आहे. मैदान हीदेखील एक संस्थाच असते. ग्रंथालयाची थोरवी आपण त्याच्या दर्शनी कमानीवरून ठरवत नाही. तेथे रोज किती वाचक येतात, ते काय वाचतात, हे पाहतो. तोच निकष मैदानाला लावला तर काय दिसते, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

सिव्हिल लाइन्सचा वारसा

नागपूरचे क्रिकेटशी असलेले नाते संघटनेच्या मैदानाहून जुने आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी याच शहरात झाला. ते येथेच शिकले, येथेच खेळू लागले आणि पुढे होळकर संस्थानात इंदूरला गेले. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताने पहिली कसोटी खेळली, तेव्हा नेतृत्व या नागपूरच्या सुपुत्राकडे होते. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू हेही नागपूरचेच आणि तेही कसोटीपटू झाले. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली, त्या काळी आपला संघ ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या नावाने ओळखला जात असे. राज्य पुनर्रचनेनंतर १९५७-५८ पासून तो ‘विदर्भ’ या नावाने खेळू लागला. म्हणूनच आजही आपल्या एका राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ रणजी करंडकात उतरतात.

सिव्हिल लाइन्समधील मैदानावर पहिली कसोटी ३ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाली. प्रतिस्पर्धी होता न्यूझीलंड. भारताचे नेतृत्व मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे, तर पाहुण्यांचे ग्रॅहॅम डाऊलिंग यांच्याकडे होते. शहराच्या इतिहासातील पहिलाच कसोटी सामना, म्हणजे केवढा उत्साह! परंतु दुसऱ्या डावात भारत १०९ धावांत गारद झाला आणि न्यूझीलंडने १६७ धावांनी सामना जिंकला. भारताच्या भूमीवरील न्यूझीलंडचा तो पहिला कसोटी विजय. आपल्या मैदानाची कसोटी इतिहासातील पहिली नोंद अशी पाहुण्यांच्या नावावर झाली, आणि पुढील अनेक वर्षांचे चित्रही फारसे निराळे नव्हते.

अपवाद होते, आणि तेही सोन्यासारखे. ३१ ऑक्टोबर १९८७ हा दिवस येथे बसलेल्या पन्नाशीपुढील श्रोत्यांना निश्चित आठवत असेल. विश्वचषक स्पर्धेत भारत आणि न्यूझीलंड येथे समोरासमोर होते. चेतन शर्माने केन रुदरफर्ड, इयान स्मिथ आणि इवेन चॅटफिल्ड या तिघांना लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळाचीत केले. विश्वचषकाच्या इतिहासातील ती पहिली हॅट्ट्रिक. त्यानंतर सुनील गावसकर यांनी अवघ्या ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. संयमाचा आदर्श मानल्या गेलेल्या या फलंदाजाचे एकदिवसीय क्रिकेटमधील ते एकमेव शतक, आणि तेही कारकिर्दीच्या अगदी अखेरीस! पाचच दिवसांनी उपान्त्य सामन्यात ते भारताकडून शेवटचे खेळले.

२००० च्या अखेरीस याच मैदानावर झिम्बाब्वेच्या अँडी फ्लॉवरने नाबाद २३२ धावांची खेळी करून आपल्या संघाचा पराभव टाळला. त्याच सामन्यात सचिन तेंडुलकरने नाबाद २०१ धावा केल्या होत्या. २००६ च्या मार्च महिन्यात इंग्लंडचा ॲलिस्टर कुक येथे पहिली कसोटी खेळला आणि पदार्पणातच त्याने शतक झळकावले. माँटी पानेसर या शीख फिरकी गोलंदाजाचीही ती पहिलीच कसोटी. त्याचा पहिला बळी ठरला साक्षात तेंडुलकर. त्याच सामन्यात वसीम जाफर या मुंबईच्या सलामीवीराने आपले पहिले कसोटी शतक पूर्ण केले. हे नाव कृपया लक्षात ठेवा, कारण त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

या साऱ्या आठवणी अभिमानास्पद आहेत. तथापि, त्यांत एक उणीव आहे. गावसकर मुंबईचे, चेतन शर्मा हरियाणाचा, जाफर मुंबईचा आणि फ्लॉवर तर हरारेचा. मैदान आपले, टाळ्या आपल्या, पराक्रम मात्र इतरांचे. १९६९ ते २००६ या काळात विदर्भाकडून खेळून भारताच्या कसोटी संघात गेलेला एकही खेळाडू झाला नाही. घर सुरेख बांधावे, दिवाणखाना पाहुण्यांसाठी सजवावा आणि घरच्या मुलांनी ओसरीवर उभे राहून कौतुक पाहावे, तशी आपली अवस्था होती.

कोसळलेली भिंत

या मैदानाचा इतिहास सांगताना एक दिवस टाळून पुढे जाता येणार नाही. तो दिवस म्हणजे २६ नोव्हेंबर १९९५. भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील एकदिवसीय सामना होता. नेथन ॲस्टलच्या शतकाच्या बळावर न्यूझीलंडने ३४८ धावा केल्या. दोन डावांमधील मध्यंतरात पूर्वेकडील प्रेक्षागाराची भिंत कोसळली. तिकीट काढून, डबा बांधून, सुटीचा आनंद घेण्यासाठी आलेल्या प्रेक्षकांपैकी काही जण प्राणास मुकले आणि कित्येक जखमी झाले. सामना पुढे चालू राहिला आणि भारत हरला. धावफलकावर पराभवाची नोंद झाली. गेलेल्यांची नोंद धावफलकात होत नसते.

तीन दशके उलटली. आज त्या घटनेचा उल्लेख क्रिकेटच्या पुस्तकांत एका ओळीत येतो. परंतु माझ्या मते नागपूरच्या मैदानाचा इतिहास लिहिताना ही ओळ ठळक अक्षरांत छापली पाहिजे. मैदानावरील सुविधा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खेळाडूंचे वातानुकूलित कक्ष येतात, निमंत्रितांचा सज्जा येतो, प्रकाशझोताचे मनोरे येतात. सामान्य प्रेक्षकाची सुविधा म्हणजे काय? तर ज्या भिंतीला तो टेकून उभा राहतो ती भक्कम असणे. ज्या जिन्याने तो उतरतो तो पुरेसा रुंद असणे. गर्दी उसळली तर बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या असणे. पिण्याचे पाणी, स्वच्छ प्रसाधनगृह, स्त्रियांना आणि वृद्धांना निर्धास्तपणे बसता येईल अशी जागा असणे. या गोष्टी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसत नाहीत. म्हणूनच त्यांचा आग्रह प्रेक्षकांनी स्वतः धरावा लागतो.

जामठ्याचे नवे क्रीडागार

सिव्हिल लाइन्सचे मैदान शहराच्या मध्यवस्तीत आहे. त्याला वाढायला जागा नव्हती. वाहनतळाची अडचण, प्रवेशद्वारांवर रेटारेटी, भोवती सरकारी कार्यालये आणि बंगले. त्यामुळे वर्धा मार्गावर शहराबाहेर जामठा येथे नवे क्रीडागार उभारण्याचा निर्णय झाला. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमचे वास्तुशिल्पी शशी प्रभू यांनीच त्याची रचना केली. सुमारे ४५ हजार प्रेक्षक बसू शकतील असे हे क्रीडागार २००८ मध्ये खुले झाले. नागपूरचे विधिज्ञ शशांक मनोहर हे त्या काळात संघटनेच्या कारभारातील प्रमुख नाव होते. पुढे ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचेही प्रमुख झाले.

जामठ्याची पहिली कसोटी ६ नोव्हेंबर २००८ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध सुरू झाली. तिच्यात काय नव्हते? सौरव गांगुलीचा तो अखेरचा कसोटी सामना. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणची ती शंभरावी कसोटी. तेंडुलकरचे शतक. जेसन क्रेझा या नवख्या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजाने पदार्पणातच सामन्यात १२ बळी मिळवले, पण त्यासाठी ३५८ धावा मोजल्या! भारताने १७२ धावांनी सामना जिंकला आणि अखेरच्या काही षटकांसाठी धोनीने कर्णधारपद गांगुलीच्या हाती सोपवले. एवढा भावपूर्ण प्रसंग, पण त्या वेळी क्रीडागारातील रिकाम्या खुर्च्यांचीच अधिक चर्चा झाली. शहरापासूनचे अंतर हे त्याचे एक कारण होते. ज्या मैदानावर पूर्वी शाळा-कॉलेजची मुले सायकलवरून जात, त्याच्या जागी आता स्वतःचे वाहन असेल तरच सोयीचे पडेल असे ठिकाण आले होते. २०१९ मध्ये नागपुरात मेट्रो धावू लागली, खापरीपर्यंत गाडी जाऊ लागली. परंतु जामठा खापरीच्याही पुढे आहे.

नव्या क्रीडागाराने मात्र शहराला मोठे सामने भरभरून दिले. २००९ मध्ये येथील पहिल्याच एकदिवसीय सामन्यात धोनीने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२४ धावा फटकावल्या. २०११ च्या विश्वचषकात तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आपले ९९ वे आंतरराष्ट्रीय शतक येथे केले. पण एक बाद २६७ वरून भारताचा डाव २९६ धावांत आटोपला आणि सामना हातचा गेला. २०१६ च्या टी-२० विश्वचषकात अफगाणिस्तानने वेस्ट इंडीजला हरवले ते येथेच. २०१७ मध्ये रविचंद्रन अश्विनने कसोटीतील ३०० वा बळी येथे टिपला. २०१९ मध्ये दीपक चहरने बांगलादेशविरुद्ध हॅट्ट्रिकसह अवघ्या ७ धावांत ६ गडी बाद केले. ही यादी कितीही लांबवता येईल. पण आता आपण प्रेक्षागारातून खाली उतरून मैदानाच्या मध्यभागी जाऊ.

मातीचे शास्त्र

मैदानाचा प्राण त्याच्या मधोमध असलेल्या बावीस यार्डांत असतो. खेळपट्टी म्हणजे नुसती सपाट केलेली जमीन, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः खाली निचऱ्याचे थर, वर चिकणमातीचा जाड थर, त्यात घट्ट रुजलेले गवत, आणि मग पाणी, रोलर आणि ऊन यांचा मेळ, अशी तिची घडण असते. केव्हा पाणी मारायचे, किती वाळू द्यायचे, रोलर केव्हा आणि किती वेळ फिरवायचा, गवत किती ठेवायचे, या चार निर्णयांवर पाच दिवसांचे भवितव्य ठरते. विदर्भातील शेतकऱ्याला हे शास्त्र वेगळे शिकवण्याची गरज नाही. आपली काळी माती ओलावा धरून ठेवते, भिजली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. कपाशीला मानवणारा हाच गुण खेळपट्टीवर आला की चेंडू संथ होतो, खाली राहू लागतो आणि भेगांच्या कडेवर पडून वळतो. तांबड्या मातीच्या खेळपट्टीवर उसळी अधिक मिळते, म्हणून तज्ज्ञ मंडळी सामन्याआधी मातीचा रंग विचारतात.

या बावीस यार्डांनी नागपूरला दोनदा मोठ्या वादात ओढले. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर हिरवीगार खेळपट्टी तयार झाली. मालिकेत पिछाडीवर असलेल्या यजमानांनाच ती अडचणीची ठरली. गांगुली त्या सामन्यात खेळला नाही, द्रविडने नेतृत्व केले आणि भारत ३४२ धावांनी हरला. ऑस्ट्रेलियाने भारतात कसोटी मालिका जिंकली ती ३५ वर्षांनंतर. याउलट २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये जामठ्याच्या खेळपट्टीवर चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळू लागला. दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत संपला, अश्विनने सामन्यात १२ गडी टिपले आणि तिसऱ्याच दिवशी भारत जिंकला. त्या विजयाचा आनंद आपण सर्वांनी घेतला. परंतु आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या खेळपट्टीला निकृष्ट ठरवले आणि मैदानाला अधिकृत ताकीद मिळाली, हेही सांगितले पाहिजे. आपल्या संघाच्या विजयाने आपल्या मैदानावरील ठपका पुसला जात नाही. चांगल्या खेळपट्टीवर पहिल्या दिवशी वेगवान गोलंदाजाला आशा असावी, मधल्या काळात फलंदाजाला न्याय मिळावा आणि शेवटी फिरकीला वाव मिळावा. तीन दिवसांत उरकलेली कसोटी चौथ्या आणि पाचव्या दिवसाचे तिकीट काढलेल्या प्रेक्षकाच्या पदरी काहीच घालत नाही.

मातीइतकेच महत्त्वाचे आहे पाणी वाहून नेणे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामन्याच्या वेळी आधीच्या पावसाने मैदान ओले राहिले. हजारो प्रेक्षक ताटकळले आणि अखेर सामना प्रत्येकी आठ षटकांचा झाला. त्या रात्री मैदानावर राबणारे कर्मचारी आपण पडद्यावर पाहिले असतील. त्यांची नावे कोणाला ठाऊक नसतात. भर उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, गवत जगवणारे हेच हात असतात. त्यांच्याविना क्रीडागार म्हणजे काँक्रीटची नुसती कढई.

घरच्या मुलांचे मैदान

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. एखाद्या मैदानावर वर्षाकाठी आंतरराष्ट्रीय सामन्याचे दिवस किती? कसोटी मिळाली तर पाच, एरवी एक किंवा दोन. उरलेल्या साडेतीनशेहून अधिक दिवसांत तेथे काय घडते, यावर त्या मैदानाचे खरे मोल ठरते. विदर्भाच्या बाबतीत हा फरक गेल्या दीड दशकात घडला आणि आपण सर्व जण त्याचे साक्षीदार आहोत.

जामठा उभे राहिले म्हणून सिव्हिल लाइन्सचे जुने मैदान विकले गेले नाही, ओसही पडले नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. त्याच सुमारास संघटनेने मुलांसाठी निवासी अकादमी सुरू केली. जुन्या मैदानावर सराव आणि स्थानिक सामने होत राहिले. बाहेरून जाणते प्रशिक्षक आणले गेले. माजी कसोटीपटू सुब्रतो बॅनर्जी यांनी येथे गोलंदाज घडवले. मोठ्या सामन्यांतून आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील वाट्यातून आलेला पैसा केवळ भिंतींवर न लावता मुलांवर लावला, तर काय होते?

२००८ मध्ये, ज्या वर्षी जामठा सुरू झाले त्याच वर्षी, एका कोळसा खाण कामगाराचा मुलगा विदर्भाकडून रणजी खेळू लागला. खापरखेड्याच्या परिसरात टेनिसच्या चेंडूवर खेळून वाढलेला तो उमेश यादव. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध त्याला कसोटीची टोपी मिळाली. विदर्भाकडून खेळत कसोटी संघात पोहोचलेला तो पहिला खेळाडू. पुढे २०१७ मध्ये महिलांच्या विश्वचषकात अंतिम फेरी गाठणाऱ्या भारतीय चमूत नागपूरची मोना मेश्राम होती.

त्याच सुमारास विदर्भाचा रणजी संघही उठून उभा राहिला. १९५७-५८ पासून साठ वर्षे ज्या संघाने कधी अंतिम फेरी पाहिली नव्हती, तो २०१७-१८ मध्ये फैज फझलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या शिस्तीच्या छत्राखाली थेट विजेता झाला. उपान्त्य फेरीत बलाढ्य कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी नमवले. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानी या स्थापत्य अभियंत्याने हॅट्ट्रिक घेतली. आणि या संघात अनुभवाचा खांब म्हणून उभा होता वसीम जाफर, ज्याचे नाव मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितले होते. २००६ मध्ये पाहुणा म्हणून येथे पहिले कसोटी शतक करणारा जाफर आता विदर्भाचा झाला होता. २०१८ मध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात, वयाची चाळिशी गाठल्यावर, त्याने नागपुरातच २८६ धावांची खेळी केली.

२०१८-१९ चा अंतिम सामना तर जामठ्यातच झाला. डावखुऱ्या आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले, चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला दोन्ही डावांत बाद केले आणि विदर्भाने सौराष्ट्रावर ७८ धावांनी मात केली. लगेच इराणी करंडकही जिंकला. ते दिवस फेब्रुवारी २०१९ चे होते. पुलवामा येथे आपल्या जवानांवर भ्याड हल्ला नुकताच झाला होता. विदर्भाच्या खेळाडूंनी इराणी करंडकाची बक्षिसाची रक्कम हुतात्मा जवानांच्या कुटुंबीयांना अर्पण केली. मैदानावर कौशल्याबरोबर मनही घडते, याचे याहून बोलके उदाहरण मला सापडत नाही.

मधल्या काळात पराभवही आले. २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर मुंबईने आपल्याला अंतिम सामन्यात हरवले. पण पुढच्याच हंगामात उपान्त्य फेरीत त्याच मुंबईला नमवून विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत आला. २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५, स्थळ पुन्हा जामठा, प्रतिस्पर्धी प्रथमच अंतिम फेरी गाठणारा केरळ. दानिश मालेवार या नागपूरच्या तरुणाने पहिल्या डावात १५३ धावा केल्या, करुण नायरने दुसऱ्या डावात शतक झळकावले आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर अक्षय वाडकरच्या संघाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला. प्रशिक्षक होते उस्मान घनी. हर्ष दुबे याने त्या हंगामात ६९ बळी घेतले. रणजी करंडकाच्या एका हंगामातील हा विक्रम ठरला. आणखी एक योगायोग पाहा. सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर विदर्भाला करंडक जिंकून देणारा सरवटे या वेळी केरळकडून खेळत होता. आपल्या मैदानावर घडलेला खेळाडू दुसऱ्या राज्याला अंतिम फेरीपर्यंत पोहोचण्यास हातभार लावतो, यात मला तरी वैषम्य वाटत नाही. पूर्वी आपण इतरांचे पराक्रम पाहत होतो. आता आपण इतरांना खेळाडू देऊ लागलो आहोत.

आपण काय करावे?

मित्रहो, या साऱ्यातून आपल्यासारख्या सामान्य नागरिकांनी काय घ्यायचे? मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट प्रेक्षक म्हणून. आपण तिकिटाचे पैसे देतो, म्हणजे सुरक्षित बसण्याचा आणि सुखरूप घरी परतण्याचा हक्क विकत घेतो. प्रवेशद्वारे, जिने, पाणी, स्वच्छता, परतीच्या वाहनांची सोय यांबाबत त्रुटी दिसली तर घरी येऊन चडफडू नये. रीतसर लेखी कळवावे आणि पाठपुरावा करावा. त्याच वेळी खुर्ची मोडणे, बाटल्या फेकणे, रांग तोडणे हे आपल्या हातून होणार नाही, आपल्या मुलांच्या हातूनही होणार नाही, याची काळजी घ्यावी. १९९५ च्या त्या भिंतीखाली गेलेल्यांचे खरे स्मरण म्हणजे पुन्हा कोणतीही भिंत पडू न देणे.

दुसरी गोष्ट पालक म्हणून. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या तिकिटासाठी आपण रात्र रात्र जागतो. परंतु रणजीच्या सामन्याला खुर्च्या रिकाम्या असतात. मुलांना एकदा तरी चार दिवसांचा सामना दाखवायला न्या. गोलंदाज दिवसभर उन्हात एकाच टप्प्यावर चेंडू टाकत राहतो, फलंदाज तासभरात दहा धावा करून आपली बाजू सावरतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले पाहिजे. जाहिरातींच्या गदारोळात चिकाटी हा गुण शिकवणाऱ्या जागा फार थोड्या उरल्या आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विदर्भाचे जिल्हे अकरा आहेत. जामठा एकच असणार आणि एकच पुरेसे आहे. पण वाशीम, गडचिरोली, बुलढाणा, गोंदिया येथील मुलगा दररोज नागपूरला येऊ शकत नाही. त्याला त्याच्याच गावी एक सपाट मैदान, एक बरी खेळपट्टी, सरावाची एक जाळी आणि संध्याकाळी दोन तास देणारा एक जाणता मनुष्य हवा. उमेश यादव अशाच एका साध्या जागेवरून निघाला होता. आपल्या वस्तीत असे एखादे मोकळे मैदान उरले असेल, तर त्यावर कोणाची दृष्टी आहे, त्याची नोंद कशी आहे, पावसाळ्यानंतर त्यावर राडारोडा कोण टाकतो, इकडे लक्ष ठेवणे हे आपले काम आहे. कोट्यवधींचे क्रीडागार उभारणे आपल्या आवाक्यात नसेल. एक मैदान राखणे निश्चितच आहे. दहा घरांनी मिळून मनावर घेतले, तरी ते होऊ शकते.